सांधा कोणाचा?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव देऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही तोंडी तो लॅमिंग्टन रोडच आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे ते नाव. या रस्त्यावर आधी रेडिओचे सुटे भाग मिळत, पुढे टेपरेकॉर्डर आणि टीव्हीचे. नव्वदच्या दशकात तिथल्याच काचेच्या कपाटांत मदरबोर्ड, रॅम आणि हार्डडिस्क दिसू लागल्या. पुण्याची तापकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि बंगळूरचा एसपी रोड यांनीही आपापल्या गावात हाच धंदा वाढवला. या बाजारांचा एक रिवाज आहे. गिऱ्हाईक दुकानदाराकडून कोटेशन लिहून घेते. कागदावर एकाखाली एक प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, ग्राफिक कार्ड, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस आणि सर्वांत खाली यूपीएस; शेजारी किमती आणि तळाला बेरीज. मग तोच कागद घेऊन पुढचे दुकान. पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला निघालेला पोरगा आज हेच काम मोबाइलवर करतो, पण यादी तीच आणि तिचा क्रमही बहुधा तोच. या यादीतले आठ-नऊ भाग आठ-नऊ कंपन्यांचे असतात, तीन-चार देशांतून आलेले असतात, आणि त्या कंपन्यांनी एकत्र बसून हे विशिष्ट यंत्र कधीच आखलेले नसते. तरीही स्क्रू बरोबर भोकावर बसतात. फ्रिज, टीव्ही किंवा मोबाइल अशा रीतीने कोणी विकत घेत नाही.

हे कॉम्प्युटरच्याच बाबतीत का जमले? तंत्रज्ञान पुढे गेले, हे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते. तंत्रज्ञान मोबाइलमध्येही पुढे गेले, आणि तिथे साधी बॅटरी बदलायलाही आता सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. माझ्या मते या प्रथेचा खरा इतिहास भागांमधल्या सांध्यांत आहे. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्यामधला सॉकेट, कार्ड आणि बोर्ड यांच्यामधला स्लॉट, वीजपुरवठ्याचा प्लग, बोर्ड बसवण्याची भोके, आणि गेम व ग्राफिक कार्ड यांच्यातली आज्ञांची भाषा, हे सगळे सांधेच. त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासातून एक नियम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा माल विकला जात असेल, तर तो सांधा वारंवार बदलतो किंवा बंद होतो. दोन बाजूंवर वेगवेगळ्या लोकांचे पोट असेल, तर तो टिकतो. कुठला भाग दहा वर्षे चालेल आणि कुठला तीन वर्षांत अडगळीत जाईल, हे गिगाहर्ट्झच्या आकड्यांपेक्षा या नियमावरून जास्त खात्रीने सांगता येते.

घरी कॉम्प्युटर जोडण्याची हौस आयबीएमच्या आधीची आहे. १९७५ साली अमेरिकेत आलेला अल्टेअर ८८०० हा किटच्या रूपात मिळे आणि त्याच्या शंभर पिनांच्या स्लॉटसाठी इतर लोकही कार्डे बनवू लागले होते. पण आज आपण ज्या घराण्याचा कॉम्प्युटर जुळवतो, त्याचा मूळ पुरुष म्हणजे १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेला आयबीएम पीसी. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या डॉन एस्ट्रिज यांच्या गटाला तो सुमारे वर्षभरात बाजारात आणायचा होता, आणि तेवढ्या वेळात सगळे घरी बनवणे अशक्य होते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टकडून आले, आणि आत पाच स्लॉट मोकळे ठेवले. शिवाय कंपनीने तांत्रिक पुस्तक छापून विकले. त्यात सर्किटचे आराखडे होते आणि बायोस या मूळ प्रोग्रामच्या ओळीन् ओळी होत्या. आयबीएमने हे उदारपणे केले असे मानण्याचे कारण नाही. बायोसवर कॉपीराइट होता आणि तो छापल्यामुळे नक्कल करणारा पकडला जाईल, असाही त्याचा उपयोग होता. पण कॉम्पॅकने तो पेच सोडवला. छापील बायोस ज्यांनी पाहिलाच नव्हता अशा लोकांकडून, फक्त त्याने काय काम करायला हवे याचे वर्णन देऊन, नवा बायोस लिहून घेतला. १९८२ च्या अखेरीस त्यांचा कॉम्प्युटर जाहीर झाला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच बायोस कोणालाही विकू लागली आणि आयबीएमच्या हातातला शेवटचा दोरही सुटला.

याचा भारताशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. आयबीएमने भारतातला गाशा १९७८ मध्येच गुंडाळला होता, म्हणजे पीसी जन्माला येण्याच्या तीन वर्षे आधी. तरीही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून भारतात विकले जाऊ लागलेले कॉम्प्युटर आयबीएम-कम्पॅटिबल होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली. देशी कंपन्या परदेशातून किट आणून इथे जोडू लागल्या आणि टीकाकार त्याला 'स्क्रू-ड्रायव्हर टेक्नॉलॉजी' म्हणून हिणवू लागले. त्या टीकेत तथ्य होते, कारण चिप बनवण्याची विद्या काही त्यातून आली नाही. पण एक गोष्ट तिच्यातून निसटली. मूळ कंपनी देशात नाही, तिचा परवाना नाही, आणि तरी तिच्या यंत्राशी जुळणारे यंत्र नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने उभे करता येते, हे आधीच्या कुठल्याही मोठ्या यंत्राच्या बाबतीत घडले नव्हते. जे मोठ्या कंपनीला जमत होते ते दहा-बारा वर्षांत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला जमले, आणि पुढे घरातल्या टेबलावर कॉलेजातल्या मुलालाही.

आयबीएमने सांधा परत ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, आणि हा प्रसंग माझ्या नियमाचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. एप्रिल १९८७ मध्ये कंपनीने पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिच्यातला स्लॉट, मायक्रो चॅनल, जुन्यापेक्षा तांत्रिकदृष्ट्या निःसंशय चांगला होता. पण जुनी कार्डे त्यात बसत नव्हती आणि इतरांना तो वापरायचा तर आयबीएमला पैसे मोजावे लागणार होते. १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेट्टी यांच्यासह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डेही चालतील असा स्वतःचा स्लॉट त्यांनी जाहीर केला. मायक्रो चॅनल काही वर्षांत संपला. त्याच पीएस/२ मधून आलेले मॉनिटरची व्हीजीए जोडणी आणि कीबोर्ड-माऊसच्या गोल जोडण्या मात्र इतरांनी सर्रास उचलल्या आणि त्या पुढे वीस-पंचवीस वर्षे टिकल्या. एकाच कंपनीने एकाच दिवशी बाजारात आणलेल्या गोष्टींपैकी जिला कुलूप होते ती मेली आणि जिला नव्हते त्या जगल्या.

त्या काळच्या जोडणीत हाताला काय करावे लागे, तेही पाहण्यासारखे आहे. वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ज्याला आपल्याकडे सगळे एसएमपीएस म्हणतात, मदरबोर्डसाठी दोन वेगवेगळे प्लग येत, प्रत्येकी सहा तारांचे. दोन्ही शेजारी शेजारी बसत आणि दिसायला जवळपास सारखे असत. काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढी एकच खूण होती. अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना मांडली तेव्हा या दोघांच्या जागी वीस पिनांचा एकच प्लग आला, आणि त्याच्या घरांचे आकार असे घडवले की तो उलटा बसूच नये. सोबत बोर्डाचे माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर ठरले, भोकांच्या जागा ठरल्या, मागच्या बाजूची आयताकृती खिडकी ठरली. पुढे प्लगच्या पिना चोवीस झाल्या, पण भोके जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स बोर्ड स्क्रूने बसवता येतो, मग हवा खेळती राहो न राहो.

इथे पहिला आक्षेप येतो. एटीएक्स इंटेलचे, त्याआधी १९९२ मध्ये आलेला पीसीआय स्लॉटही मुळात इंटेलचा. म्हणजे हे सांधेही एकाच बलाढ्य कंपनीने ठरवले, मग टिकले कसे? उत्तर इंटेलच्या पोटापाण्यात सापडते. इंटेल कॅबिनेट विकत नव्हती, एसएमपीएस विकत नव्हती, आणि साउंड कार्डांवर तिचे घर चालत नव्हते. तिचा नफा प्रोसेसरमध्ये होता. तैवानच्या आसूस, गिगाबाइट, एमएसआयसारख्या कंपन्यांनी बोर्ड जितके स्वस्त आणि भरपूर बनवावेत तितके तिचे प्रोसेसर जास्त खपणार. त्यामुळे या सांध्यांवर उदार राहणे तिच्या हिताचे होते. याच इंटेलचा हात प्रोसेसरच्या सॉकेटवर आला की लगेच आखडतो. नव्वदच्या मध्याला सॉकेट ७ हा सामाईक होता. एकाच बोर्डवर इंटेल, एएमडी किंवा सिरिक्स यांपैकी कोणाचाही प्रोसेसर बसे. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्लॉट १ आणला आणि तो पेटंटने बांधून घेतला. त्याला तांत्रिक कारण होते, हे मान्य केले पाहिजे: प्रोसेसरलगतची जलद मेमरी तेव्हा एकाच चिपमध्ये मावत नव्हती म्हणून काडतुसासारखा तुकडा करावा लागला. पण दोनच वर्षांत ती मेमरी चिपमध्ये मावली, इंटेल पुन्हा सॉकेटकडे वळली, आणि तो सॉकेट मात्र पूर्वीसारखा सामाईक राहिला नाही. पुढे प्रोसेसर आणि बोर्डावरचा चिपसेट, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजू, इंटेलच विकू लागली. २००९ ते २०२४ या काळात घरगुती वापराचे सात वेगवेगळे सॉकेट तिने आणले. २०१७ मध्ये तर पिनांची संख्या तीच, ११५१, ठेवूनही नव्या प्रोसेसरला नवा बोर्ड सक्तीचा केला.

इंटेलची ताकद हेच सगळ्याचे कारण आहे, असे कोणी म्हणेल तर बीटीएक्सकडे पाहावे. २००४ मध्ये इंटेलनेच एटीएक्सच्या जागी ही नवी मांडणी आणली, हवा सरळ रेषेत जावी म्हणून. कॅबिनेटवाल्यांचे साचे, बोर्डवाल्यांचे आराखडे आणि लोकांच्या घरची कॅबिनेटे सगळी एटीएक्सची होती. पुढे इंटेलचेच प्रोसेसर थंड चालू लागले आणि दोन-तीन वर्षांत बीटीएक्स गुंडाळले गेले. जो सांधा सगळ्यांच्या पोटाचा झाला, तो त्याच्या जनकालाही मोडता आला नाही.

गेमिंगचा विचार केला तर सर्वांत महत्त्वाचा सांधा दिसत नाही, कारण तो गेम आणि कार्ड यांच्यामधला आहे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. ते फक्त त्रिमितीचे काम करी. साध्या चित्रासाठी जुने कार्ड ठेवावेच लागे, आणि मागच्या बाजूला एका छोट्या केबलने जुन्या कार्डाचे चित्र व्हूडूतून फिरवून मॉनिटरला न्यावे लागे. तरी त्याने खेळांचे रूपच पालटले. त्याची आज्ञांची भाषा, ग्लाइड, थ्रीडीएफएक्सची स्वतःची होती आणि दुसऱ्याच्या कार्डावर चालत नव्हती. सुरुवातीला कंपनी फक्त चिप बनवी. कार्डे डायमंड, क्रिएटिव्ह यांसारख्या कंपन्या बनवत. डिसेंबर १९९८ मध्ये तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, म्हणजे सांध्याच्या दुसऱ्या बाजूलाही तिने पाय टाकला. कार्डवाल्या कंपन्या साहजिकच प्रतिस्पर्धी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाकडे गेल्या. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानेच विकत घेण्याचा करार झाला. ग्लाइडवर लिहिलेले खेळ पोरके झाले.

यावर दुसरा आणि जास्त टोकदार आक्षेप असा: ग्लाइडला हरवणारी डायरेक्ट थ्रीडी ही भाषाही मायक्रोसॉफ्ट या एकाच कंपनीच्या मालकीची आहे, आणि ती १९९६ पासून आजवर चालू आहे. मग सामाईक मालकीचा मुद्दा उरला कुठे? माझा मुद्दा मालकीपेक्षा माल कोण विकतो याचा आहे. मायक्रोसॉफ्ट पीसीसाठी ग्राफिक कार्ड विकत नव्हती. सगळ्यांची कार्डे विंडोजवर चालावीत, त्यांनी एकमेकांशी स्पर्धा करावी, यातच तिचा फायदा होता. याचा तोटाही झाला, आणि तो लपवू नये: कार्डांची निवड मोकळी झाली, पण गेमिंग विंडोजला बांधले गेले, कारण त्या बाजूचा सांधा मायक्रोसॉफ्टच्या पोटाचा होता. रॅमच्या बाबतीत उलट घडले. २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ साठी रॅमबस कंपनीची महागडी मेमरी पुढे रेटली. रॅमबस स्वतः मेमरी बनवत नव्हती, प्रत्येक बनवणाऱ्याकडून परवान्याचे पैसे घेत होती, रस्ता दुसऱ्याचा आणि टोलनाका आपला. मेमरी कंपन्यांनी जेडेक या सामाईक संस्थेत ठरलेल्या डीडीआरची बाजू घेतली, आणि दोन वर्षांच्या आत इंटेललाही पेंटियम ४ साठी डीडीआरचे बोर्ड द्यावे लागले. आजची डीडीआर५ त्याच वंशातली आहे.

सांधा जुळला म्हणजे काम भागले असे मात्र होत नाही, आणि इथे माझ्या नियमाची मर्यादा आहे. १९९६ चा सिरिक्स ६एक्स८६ प्रोसेसर सॉकेट ७ मध्ये बिनदिक्कत बसे. १३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपवर १६६ हा आकडा छापलेला असे, आणि हिशोब-पत्रव्यवहाराच्या कामात तो आकडा खोटाही नव्हता. मग जूनमध्ये क्वेक हा गेम आला. भिंतीवरचे चित्र लांब जाताना बरोबर आक्रसावे यासाठी त्याला दर सोळा ठिपक्यांमागे एक अपूर्णांकी भागाकार करावा लागे. क्वेकचे एक प्रोग्रामर मायकेल अॅब्रॅश यांनी ते काम असे रचले की पेंटियमचा भागाकार एका बाजूला चालू असताना दुसऱ्या बाजूला आधीचे सोळा ठिपके रंगवून व्हावेत. भागाकार जवळजवळ फुकटात पडे. सिरिक्सचा अपूर्णांकाचा विभाग हळू होता, त्यामुळे ही सगळी चतुराई तिथे वाया जाई. पैसे वाचवून सिरिक्स घेतलेल्या माणसाचा कॉम्प्युटर ऑफिसच्या कामात शेजाऱ्याच्या बरोबरीने चाले आणि क्वेकमध्ये रडे. गेमिंगसाठी भाग निवडताना 'कोणत्या गेमसाठी' हा प्रश्न आधी विचारावा लागतो, तो यासाठी.

भारतीय गिऱ्हाइकाला सांध्यांनी शिकवलेला धडा थोडा वेगळा आणि जास्त खर्चिक होता. 'आत्ता साधा घेऊ, ग्राफिक कार्ड नंतर टाकू' हा मध्यमवर्गीय घरातला हिशोब. तो चुकीचा नव्हता, स्लॉट असेल तर. पण १९९९ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक आतच होते आणि ग्राफिक कार्डासाठीच्या एजीपी स्लॉटची सोयच नव्हती. पुढच्या पिढीतही ८४५जीएल हा स्वस्त अवतार बिनस्लॉटचा होता. कोटेशनच्या कागदावर 'मदरबोर्ड' एवढेच लिहिलेले असे आणि त्या एका ओळीत पुढच्या पाच वर्षांचे गेमिंग संपलेले असे. २००२ च्या जीफोर्स ४ एमएक्सने हेच दुसऱ्या अंगाने केले. नावात चार, पण आतली रचना जीफोर्स २ च्या वळणाची, नव्या गेमना लागणाऱ्या पिक्सेल शेडरशिवायची. २००३ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' त्यावर सुरूच होत नव्हता, तर एक आकडा मागे असलेल्या जीफोर्स ३ वर चालत होता. नाव ठरवणे कंपनीच्या हातात असते. डायरेक्ट थ्रीडी ज्यात येते त्या डायरेक्टएक्सची कोणती आवृत्ती कार्डाला खरोखर कळते, हे ठरवणे तिच्या एकटीच्या हातात नव्हते, आणि म्हणून पाहण्यासारखी गोष्ट तीच होती.

असेंबल्ड कॉम्प्युटरचा आपल्याकडचा बाजार मुळात बिलाशिवायच्या मालावर आणि चोरून टाकलेल्या विंडोजवर वाढला, सांध्यांचे तत्त्वज्ञान त्यावर कशाला चढवायचे, असाही सूर असतो. या आरोपातले तथ्य नाकारता येणार नाही. कर बुडवल्याने असेंबल्ड माल स्वस्त पडे, आणि प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या देशी ब्रँडना त्याचा फटका बसला. पण कर हेच एकमेव कारण असते तर कर बुडवण्याचा फायदा गेल्यावर बाजारही गेला असता. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य झाला आणि २००५ पर्यंत बहुतेक संगणकीय मालावरचे आयात शुल्क शून्यावर आले. २०१७ मध्ये जीएसटी आला. घरगुती आणि ऑफिसच्या साध्या कामासाठी लोक त्यानंतर खरेच लॅपटॉपकडे वळले. गेमिंगचा कॉम्प्युटर मात्र भाग निवडूनच घेतला जातो, पक्क्या बिलासह आणि वॉरंटीसह. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये त्याला हवे ते कार्ड आणि ते पेलणारा एसएमपीएस सहसा मिळत नव्हता. किंबहुना एका मोठ्या परदेशी ब्रँडने काही वर्षे दिसायला एटीएक्ससारखाच, पण आतल्या तारांचा क्रम बदललेला प्लग वापरला होता. बाजारातला एसएमपीएस त्याला जोडला की बोर्ड जाई. दोन्ही बाजू विकणाऱ्याला असे करणे परवडते.

हा नियम आजच्या यादीला लावला तर पैशांची वाटणी बदलते. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस ही जुनी खोड आहे, डब्यावर ४५० वॅट छापलेला आणि तेवढे न देणारा. लोडशेडिंगच्या काळात यूपीएसवर पैसे घालणारी घरेसुद्धा इथे हात आखडत. प्रत्यक्षात पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, बाकीची वीज सहा पिनांच्या (७५ वॅट) आणि आठ पिनांच्या (१५० वॅट) प्लगमधून एसएमपीएसलाच पुरवावी लागते. हे आकडे सगळ्यांनी मान्य केलेले आहेत, म्हणून चांगला एसएमपीएस दोन-तीन कॉम्प्युटरांना पुरतो. एक सावधगिरी हवी: २०२२ मध्ये ६०० वॅटपर्यंतचा नवा बारीक प्लग आला आणि काही महागड्या कार्डांवर तो वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मोठे कार्ड घेणाऱ्याने त्या प्लगची सुधारित आवृत्ती मागावी. मॉनिटरही असाच दीर्घायुषी. २०१३ मध्ये एनव्हिडियाने चित्र आणि कार्ड यांचा ताल जुळवणारी जी-सिंक पद्धत स्वतःच्या खास तुकड्यासह विकायला काढली. पुढच्याच वर्षी व्हेसा या सामाईक संस्थेने तसाच मोकळा सांधा जाहीर केला आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने तो मान्य केला. आधी जादा पैसे मोजून घेतलेला जी-सिंकचा मॉनिटर मात्र एकाच कंपनीच्या कार्डाशी बांधलेला राहिला.

प्रोसेसरच्या सॉकेटबाबत मात्र भविष्यावर पैसे लावू नयेत. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१७ च्या रायझन प्रोसेसरांपासून कित्येक वर्षे नवे प्रोसेसर स्वीकारत राहिला, ही कौतुकाची गोष्ट. पण मे २०२० मध्ये त्याच कंपनीने पुढचे प्रोसेसर आधीच्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत असे सांगितले होते, आणि गिऱ्हाइकांनी गदारोळ केल्यावर काही दिवसांत शब्द फिरवला. तिथे सांध्याची एक बाजू लोकांच्या रागाने सांभाळली. सहीशिक्क्याचा करार कुठेच नव्हता. म्हणून पहिल्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर आणि बोर्ड ही एकच वस्तू धरून, आजच्या गरजेपुरती घ्यावी, आणि उरलेला पैसा कार्ड, एसएमपीएस आणि मॉनिटरकडे वळवावा असे मला वाटते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मी शेवटी घेतो आहे, कारण त्याचे पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही. सांध्याला किंमत असते. सिग्नलला प्लगमधून जावे लागले की वेग घटतो आणि वीज जास्त जाते. २०२० मध्ये अॅपलच्या एम१ चिपने मेमरी प्रोसेसरच्या शेजारी चिकटवून जी गती दाखवली ती खोटी नव्हती. लॅपटॉप उघडून दुरुस्त करता यावा हेच ज्या फ्रेमवर्क कंपनीचे ब्रीद, तिनेही २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या डेस्कटॉपमध्ये मेमरी डाग देऊन पक्की केली, कारण त्यातल्या एएमडी चिपचा वेग काढता-घालता येणाऱ्या रॅमवर टिकत नव्हता. मोकळे सांधे टिकतात ते दोन्ही बाजूंच्या विक्रेत्यांमुळे, हे खरे असले तरी पदार्थविज्ञानाला विक्रेत्यांशी देणेघेणे नसते. यावर एक प्रयत्न चालू आहे. डेलने आपल्या लॅपटॉपसाठी रॅमचा एक नवा, चपटा, बोर्डावर स्क्रूने दाबून बसवायचा तुकडा २०२२ मध्ये आणला. सुरुवातीला लोकांना ते डेलचे कुलूप वाटले. कंपनीने तो जेडेककडे सोपवला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ या नावाने तो सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाला. त्यात मेमरीकडे जाणारा रस्ता उभ्या रॅमपेक्षा आखूड आहे आणि तरी ती काढता येते. २०२४ मध्ये एमएसआयने असा एक डेस्कटॉप बोर्ड तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात मांडला.